मदत हवी आहे: नर्सिंगच्या मुलींचा रेझिलियन्स, सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) सोमवारी!!

वॉर्डातली_चिमणी: पुण्यात बीएस्सी नर्सिंगला आहे. ग्रुप प्रोजेक्टचा विषय मॅडमनी दिलाय, रेझिलियन्सवर, म्हणजे ताणातून सावरण्याच्या ताकदीवर, मानसिक घटकांचा परिणाम. आम्ही आत्मविश्वास, आशावाद, कोपिंग (ताण हाताळायची पद्धत), आधार, झोप सगळं घेतलं, तर म्हणतात कमी करा. काय ठेवू? तयार प्रश्नावली असेल तर टाका, प्लीज लवकर.

आकडेमोड: कुठल्या वर्षाच्या मुली? किती? फॉर्म मराठीत की इंग्रजीत? एथिक्सची परवानगी?

कात्रजकर: पहाटे प्राणायाम करा. भाचीला फार फरक पडला.

वॉर्डातली_चिमणी: काका, मला नकोय, प्रोजेक्टला हवंय 😅 फर्स्ट इयर, आमच्याच कॉलेजच्या शंभरेक. मराठीत. एथिक्सचं मॅडम बघतील.

आकडेमोड: मॅडम नाही, तुम्ही बघा. रेझिलियन्स मोजायचं कॉनर-डेव्हिडसन स्केल (२००३) २५ वाक्यांचं आहे, पण परवानगी आणि फी लागते. व्हॉट्सॅपवरची पीडीएफ लावू नका. २००८ चं ब्रीफ रेझिलियन्स स्केल घ्या, सहाच वाक्यं. त्यातली तीन उलटी आहेत, त्यांचे गुण फिरवायचे, हे हमखास विसरतात. घटक दोनच ठेवा: 'मला जमेल' हा भरवसा, म्हणजे बांडुराची सेल्फ-एफिकसी, आणि आधार. आधारासाठी झिमेटचं १२ वाक्यांचं स्केल, त्यात घर, मैत्रिणी आणि जवळची एखादी व्यक्ती यांचे गुण वेगळे निघतात. मराठी केलेलं दुसऱ्या कोणाकडून, मूळ न दाखवता, परत इंग्रजीत करून ताडून बघा.

जुनी_सिस्टर: यात वॉर्ड कुठाय? पेशंटसमोर झापलं की पोरीचा भरवसा तिथेच जातो. मी पहिला मृत्यू बघितला तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी चहा पाजला, म्हणून टिकले. मुलगी किती चिवट ते मोजताय, इन्चार्ज कशी वागते ते कोण मोजणार?

आकडेमोड: मावशींवर सिनॉप्सिस होत नाही हो.

जुनी_सिस्टर: न व्हायला काय झालं? आधाराच्या स्केलमध्ये वॉर्डचे प्रश्न घाला.

आकडेमोड: तयार स्केलमध्ये मनचे प्रश्न घुसडत नाहीत. वेगळा भाग करा, तेवढं मान्य.

पेठेतला: हॉस्टेलची मेस सुधारा, निम्मा ताण जाईल. स्वारगेटजवळ चांगला डबा आहे, हवा तर सांगतो.

जुनी_सिस्टर: डबा राहू द्या. चिमणी, फॉर्मच्या शेवटी टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ छाप. भरताना एखादी रडली तर काय करायचं तेही आधी ठरव.

आकडेमोड: आणि शीर्षकात 'परिणाम' नको. एकदाच फॉर्म भरून घेतलात तर फार तर 'संबंध' म्हणता येतं.

वॉर्डातली_चिमणी: शीर्षक मॅडमनी सही करून दिलंय 😭 त्यांना कोण सांगणार?

कात्रजकर: म्हणून म्हटलं, प्राणायाम.