शब्दचर्चा : ब्रेक, सायफर, रॅप

रानजाई
शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन लिहितेय. मुलं हिप-हॉपवर नाचणार आहेत. 'ब्रेक डान्स'मधला ब्रेक म्हणजे काय? हाडं मोडल्यासारखे हातपाय फिरवतात म्हणून ब्रेक, असंच लहानपणापासून ऐकत आलेय. आणि हिप-हॉप व रॅप एकच ना?

खडूफळा
हाडांचा काही संबंध नाही. ब्रेक गाण्यातला आहे. फंकच्या (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ठेक्यावरच्या नाचसंगीताच्या) रेकॉर्डमध्ये एक जागा अशी येते, की गाणारा थांबतो, बाकीची वाद्यंही थांबतात आणि काही सेकंद नुसते ड्रम वाजतात. तो ब्रेक.

११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्बेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा उघडायच्या आत नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. कुटुंब मूळचं जमेकाचं. काही पोरं नेमकी त्या ड्रमच्या जागेची वाट बघत थांबतात, हे हर्कने हेरलं होतं. त्यावर त्याने काढलेली युक्ती अशी : एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकड्यांवर. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तेवढ्यात पहिलीची सुई मागे. सेकंदांचा ब्रेक मिनिटांचा झाला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने रेकॉर्डवर क्रेयॉनने खुणा करून ती सुई अचूक जागी आणायचं तंत्र बसवलं.

ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. त्यातला 'बी' म्हणजे हाच ब्रेक. नाचणारे स्वतः 'ब्रेकिंग' म्हणतात, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही तेच नाव होतं. निवेदनात 'ब्रेकिंग' लिहा.

साधामाणूस
त्या काळचं ब्राँक्स डोळ्यांसमोर असल्याशिवाय हे शब्द अर्धेच कळतात. वस्त्या चिरत क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे गेला, हजारो कुटुंबं उठली. विम्याच्या पैशांसाठी काही घरमालकांनीच इमारतींना आगी लावल्या. टोळ्यांच्या मारामाऱ्या होत्याच. डिसेंबर १९७१ मध्ये तंटा सोडवायला गेलेल्या एका तरुणाचा खून झाला. त्याच्या टोळीने सूड घेण्याऐवजी हो अॅव्हेन्यूवर सगळ्या टोळ्यांना बोलावून तह केला. त्यामुळे एका भागातली पोरं दुसऱ्या भागातल्या पार्टीला जाऊ लागली. हिप-हॉपमध्ये 'बॅटल' म्हणजे नाचाची किंवा शब्दांची चुरस, त्यामागे हे सगळं आहे. म्हणून त्याला 'लढाई' लिहिलेलं वाचलं की मला खुपतं.

रानजाई
आणि सायफर? मुलगा म्हणतो, 'आज सायफर आहे.' मला वाटलं गुप्त लिपी!

खडूफळा
कडं करून उभं राहायचं आणि एकेकाने मध्ये येऊन नाचायचं किंवा रॅप करायचा, तो सायफर. मला यातला सगळ्यात आवडता शब्द. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात 'फाइव्ह पर्सेंट नेशन' हा कृष्णवर्णीयांचा पंथ निघाला. त्यांच्या शिकवणीत प्रत्येक अंकाला अर्थ आहे, शून्य म्हणजे सायफर, पूर्ण वर्तुळ, ३६० अंश. न्यूयॉर्कच्या कितीतरी रॅपरांवर या पंथाचा प्रभाव होता. आता मागे जा : सायफर आला अरबी 'सिफ्र'वरून, आणि 'सिफ्र' म्हणजे आपल्या 'शून्य'चं अरबांनी केलेलं भाषांतर. मुंबईत पोरं कडं करून सायफर म्हणतात, तेव्हा आपलाच शब्द बगदाद आणि हार्लेम फिरून आलेला असतो.

साधामाणूस
राहिला रॅप. हिप-हॉप हे सगळ्याचं नाव : डीजेचं वाजवणं, ब्रेकिंग, भिंतीवरची ग्राफिटी आणि माइकवरचं बोलणं. त्यातलं शेवटचं तेवढं रॅप. संगीतात यायच्या आधी कृष्णवर्णीयांच्या बोलीत 'रॅप' म्हणजे गप्पा मारणं, रंगवून बोलणं. सुरुवातीला माइकवर पार्टीतल्या मित्रांची नावं घेणं, लोकांना चेव आणणं एवढंच होतं. १९८२ च्या 'द मेसेज' या रॅप गाण्यात काचा पडलेले रस्ते, उंदीर-झुरळं, थकलेली माणसं आली आणि वस्तीचं गाऱ्हाणं साऱ्या अमेरिकेने ऐकलं.

गाऱ्हाणं आतही आहे. फंक गायक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यातला ड्रमर क्लाइड स्टबलफिल्डचा ब्रेक असंख्य रॅप गाण्यांत 'सॅम्पल' झाला, म्हणजे तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवला गेला. गीतकार म्हणून नाव नसल्याने वाजवणाऱ्याला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. 'सॅम्पल'ला 'नमुना' हा प्रतिशब्द मला म्हणूनच चालत नाही, यात मालकीचा प्रश्न आहे.

रानजाई
रॅपला 'शाहिरी' म्हटलं तर?

खडूफळा
नको. शाहिरीला स्वतःची परंपरा आहे, रॅपलाही. दोघं एका मंचावर येऊ शकतात. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी आणि वारली पाड्यांसाठी गाणं केलं, त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर आपल्या ढंगात गातात आणि त्यालाच जोडून मराठी रॅप येतो. कुणी कुणाचं नाव घेतलेलं नाही. निवेदनात 'रॅप'च ठेवा, पुल्लिंगी. आणि 'रॅप गातील' नको, 'रॅप करतील' लिहा.