मदत हवी आहे: पिसांची उशी मशीनमध्ये धुतली, आता गोळे झालेत आणि वास येतोय (नागपूर)

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. चूक माझीच आहे हे आधीच कबूल करते. ओरडायचं तर ओरडा, पण उपाय सांगा.

माझा भाऊ काही वर्षं कॅनडात होता. परत येताना तिथली एक डाउनची (पक्ष्यांच्या पिसांखालच्या मऊ लवेची) रजई आणि पिसांच्या दोन उशा घेऊन आला आणि मुंबईच्या दमट फ्लॅटमध्ये काय करू म्हणून सगळं आमच्याकडे ठेवून गेला. रजई आम्ही डिसेंबर-जानेवारीत काढतो, उशा पाहुण्यांसाठी. परवा महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर भरलेलं होतं, आणि नणंदेच्या धाकट्यानं आंबिलीची भरलेली वाटी एका उशीवर उपडी केली. अभ्रा काढून बघते तर आतल्या कापडातूनही झिरपलेली. आंबट वास धरेल म्हणून मी ती सरळ टॉप लोड मशीनमध्ये टाकली. नेहमीची पावडर, वरून झाकणभर सुवासिक कंडिशनर, आणि शेवटी जोरात स्पिन.

बाहेर आली ती उशी नव्हतीच. भिजवलेल्या कणकेचे चार-पाच गोळे फडक्यात बांधावेत तसं काहीतरी. आणि वास ओल्या कोंबडीचा! आमच्या सासूबाई माळकरी. त्या एवढंच म्हणाल्या, "ते जे काय आहे ते देवघरावरून नेऊ नको."

दोन दिवस गच्चीवर टाकली. त्यात एकदा पाऊस आला, धावत जाऊन आणली. आज तिसरा दिवस. वरून हाताला कोरडी लागते, पण गोळे तसेच आणि वास तसाच. ही वाचेल का? गल्लीतला गादीवाला म्हणतो, "उसवून द्या, पिंजून नवी करून देतो." देऊ का?

शिवाय रजईचंही विचारून घेते. एप्रिलपासून ती पेटीपलंगात, प्लास्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्या घालून ठेवली होती. आज काढली तर पापडासारखी चपटी. तीही धुवायची का? उशीच्या लेबलवर ८५ टक्के बदकाची पिसं, १५ टक्के डाउन असं आहे. रजईवर ९० टक्के गूज (हंसासारखा पक्षी) डाउन, १० टक्के पिसं, फिल पॉवर ६५०. हे ६५० म्हणजे काय तेही कळलेलं नाही.

तर्रीपोहे

काहून धुतली जी पण मशीनमध्ये! असो.

गादीवाल्याला चुकूनही देऊ नका. आमच्या काकांनी इतवारीत असताना हा प्रयोग केला होता. पिंजायचं यंत्र कापसासाठी असतं. पिसं त्यात गेली ती अर्धी चुरा झाली आणि अर्धी गल्लीभर उडाली. समोरच्या मिठाईवाल्यानं दोन दिवस काकांशी बोलणं टाकलं होतं.

हिमगाठ

ओटावात अकरा हिवाळे काढलेत, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलणार आहे.

आधी पिसं आणि डाउन वेगळं करू. बाहेरून दिसतं ते पीस, त्याला मधोमध दांडी असते. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा गूजच्या छातीपोटाशी, पिसांच्या खाली असलेला मऊ थर. त्याला दांडी नसते. एका बिंदूतून चारी बाजूंना तंतू निघालेले असतात, म्हाताऱ्या उडतात ना उन्हाळ्यात, डिट्टो तसं. या तंतूंमध्ये हवा अडकते आणि ऊब त्या हवेची असते. फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम, डाउन फुलल्यावर किती घन इंच जागा व्यापतं तो आकडा. तुमचं ६५० म्हणजे चांगलं डाउन आहे. उशीत मात्र मुख्यतः पिसं आहेत, आणि ते बरोबरच आहे. नुसतं डाउन घातलं तर डोकं खाली बुडतं.

आता तुमच्या उशीचं काय झालं. भिजल्यावर तंतू एकमेकांना चिकटतात आणि हवा जाते, म्हणून गोळे. एवढं प्रत्येक धुण्यात होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चुकलं ते दोन ठिकाणी. कडक पावडर पिसांवरचं नैसर्गिक तेल ओढून नेते, ते गेलं की पीस कोरडं, ठिसूळ होतं. आणि कंडिशनर तंतूंवर लेप बसवतो, मग ते फुलायला तयार होत नाहीत. टॉप लोडमध्ये मधला दांडा किंवा तळाची चकती उशीला पिरगळते, तेव्हा शिवणही एकदा तपासा.

वाळण्याची गंमत अशी की उशी बाहेरून आत वाळते. वरचं कापड खणखणीत कोरडं आणि गोळ्याच्या पोटात पाणी, असं दिवसेंदिवस राहू शकतं. म्हणून हाताला विचारू नका, काट्याला विचारा. न धुतलेली जोडीची उशी आहे ना तुमच्याकडे? विमानाची बॅग मोजायचा हुकाचा काटा असेल तर दोन्ही उशा पिशवीत घालून मोजा. फरक निघाला तर तेवढं पाणी अजून आत आहे.

संत्राबर्फी

मोजल्या! न धुतलेली १ किलो १५० ग्रॅम. धुतलेली १ किलो ६२० ग्रॅम.

म्हणजे तीन दिवस गच्चीवर राहून अर्धा लिटर पाणी पोटात. मी तिच्यावर आज रात्री अभ्रा चढवणार होते हो.

साधा_डॉक्टर

मध्येच बोलतो. वास नीट घेऊन बघा. ओल्या पक्ष्याचा वास असेल तर तो वाळल्यावर जातो. कुबट वास असेल, जुन्या ओल धरलेल्या भिंतीसारखा, किंवा आतल्या कापडावर काळे ठिपके दिसत असतील, तर मोह सोडा आणि फेकून द्या. बुरशी धरलेल्या उशीवर रात्रभर नाक ठेवून झोपणं परवडत नाही.

घरात कुणाला दमा आहे का तेही बघा. पिसांची ॲलर्जी असते, जरी बऱ्याचदा खरा त्रास धूळकिड्यांचा असतो. क्वचित एक वेगळाच प्रकारही दिसतो. २०१९ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये स्कॉटलंडच्या एका ४३ वर्षांच्या माणसाची केस आली होती. सिंथेटिक अंथरूण-पांघरूण बदलून पिसांचं आणल्यावर काही महिन्यांत त्याला इतका दम लागायला लागला की जिना चढवेना. पिसांतल्या धुळीमुळे फुप्फुसांना सूज आली होती. पिसांची उशी आल्यापासून कुणाला सुका खोकला, धाप असं नव्यानं सुरू झालं असेल तर डॉक्टरांना उशीबद्दलही सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

संत्राबर्फी

दमा कुणाला नाही. काळे ठिपके नाहीत, दिव्यासमोर धरून बघितलं. कुबट नाही, कोंबडीच आहे.

हिमगाठ

मग वाचेल. असं करा. तुमच्याकडच्या पावसाळी हवेत ती गच्चीवर सोडू नका. ज्या लाँड्रीत मोठं फ्रंट लोड आणि गरम हवेचा ड्रायर आहे तिथे स्वतः जा, सोडून येऊ नका. आधी फक्त साध्या पाण्यात, सौम्य सायकलवर, दोन-तीनदा खंगाळून घ्या म्हणजे पावडर आणि कंडिशनर निघेल. फेस येत असेल तर अजून एकदा. डिटर्जंट लागलंच तर लोकरीच्या कपड्यांचं पातळ लिक्विड, तेही निम्मं. ब्लीच नाही. ड्रम एका बाजूला जड होऊ नये म्हणून सोबत एक-दोन टॉवेल टाका.

मग ड्रायर, कमीत कमी तापमानावर. सोबत दोन-तीन टेनिस बॉल, स्वच्छ मोज्यांत घालून गाठ मारलेले. बॉल आपटून आपटून गोळे फोडतात. दर अर्ध्या तासानं बाहेर काढायची, कापडावरूनच गोळा बोटांनी चाचपून सुटा करायचा, झटकायची, परत आत. तीन-चार तास मनात धरून जा, पुस्तक घेऊन जा. घाईनं तापमान वाढवलंत तर पिसं जळकट होतात.

रजई धुवू नका! तिला काही झालेलं नाही, फक्त दाबून ठेवल्यानं चपटी झाली आहे. झटका, पंख्याखाली पसरा, दुसऱ्या दिवशी बघा. आम्ही रजई दोन-तीन वर्षांतून एकदा धुतो. रोजची मळ खोळीनं घ्यायची असते. डाग पडला तर त्या जागेचं डाउन बोटांनी बाजूला सारायचं आणि तेवढं कापडच धुवायचं. आंबिलीचं हेच करता आलं असतं, पण झालं ते झालं.

तर्रीपोहे

मला एक सांगा, नागपुरात ही रजई लागते कुणाला? आमची मे महिन्यात ४५ डिग्रीत भट्टी असते.

गोधडीवाली_आजी

पोरा, तू २०१८ चा डिसेंबर विसरलास वाटतं. २९ तारखेला पारा ३.५ वर होता. अधिवेशनाला आलेले मुंबईकर एरवीच्या थंडीतही स्वेटर शोधत फिरतात.

संत्राबर्फी, मला पिसांचं फार कळत नाही, पण अंथरूण-पांघरूण सांभाळायचं कळतं. पेटीपलंग कुठल्या खोलीत आहे? कूलरच्या खोलीत असेल तर एप्रिल ते जून कूलर त्या खोलीत पाणीच सोडत असतो. वाळवलेली मिरचीसुद्धा मऊ पडते तिथे. त्यावर प्लास्टिक, म्हणजे आत गेलेली ओल बाहेर यायची नाही. जुन्या सुती साडीची मोठी पिशवी शिवा, त्यात रजई सैल ठेवा आणि कपाटाच्या वरच्या खणात टाका. तिच्यावर गाद्यांची चळत नको. डांबरगोळ्या पिशवीच्या बाहेर, तिला लागू देऊ नका. कसर लोकरीला लागते तशी पिसांनाही लागते, आणि मळलेल्याला आधी लागते.

उन्हाचं म्हणाल तर दसऱ्यानंतर हवा कोरडी होते. तेव्हा सकाळच्या उन्हात गच्चीवर बाज टाका, तिच्यावर रजई, वरून पातळ चादर. बाजेच्या दोऱ्यांमधून खालूनही वारा लागतो. दोन तासांनी उलटी करा. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात. आणि काठीनं झोडपू नका गोधडीसारखी, आतले खाने फाटतील.

हिमगाठ

आजींचं सगळं सोळा आणे. खाने म्हणाल्या ते महत्त्वाचं आहे. चांगल्या रजईत दोन कापडांच्या मधे उभ्या पट्ट्या शिवून चौकोनी कप्पे केलेले असतात, डाउन एका कोपऱ्यात जमू नये म्हणून. पट्टी आत फाटली की बाहेरून कळत नाही, एक चौकोन रिकामा आणि शेजारचा फुगलेला दिसतो.

आणि एखाद्या पिसाची दांडी कापडातून टोचायला लागली तर टोक धरून ओढून काढू नका. भोक मोठं होतं, पाठोपाठ दुसरं येतं. उलट्या बाजूनं चिमटीत धरून आत ओढा आणि त्या जागेवर नखानं कापड चोळा, विण परत मिटते.

बिनपिसांचा

मला सल्ला नाही द्यायचा, पण ही पिसं जिवंत पक्ष्यांची उपटलेली असतात असं वाचलंय. सासूबाईंची बाजू घेतो.

हिमगाठ

आक्षेप योग्य आहे. बहुतेक डाउन मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांपासून येतं, पण जिवंतपणी उपटण्याचे प्रकारही झालेत. म्हणूनच २०१४ मध्ये रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड आलं, नवीन घेताना ते लेबल बघता येतं. आइसलँडमधलं आयडर डाउन वेगळं, आयडर बदक घरट्यात स्वतःच्या छातीचं डाउन अंथरतं आणि ते घरट्यातून गोळा करतात. पण त्याची किंमत ऐकून तुम्ही गोधडीच घ्याल. ज्यांना मनाला पटत नाही त्यांनी कापूस वापरावा, विदर्भात राहून कापसाला कमी लेखायचं कारण नाही.

संत्राबर्फी

अपडेट. रविवारी लाँड्रीत साडेतीन तास बसले. पहिल्या खंगाळणीत एवढा फेस आला की तिथला पोरगा माझ्याकडे बघायला लागला. ड्रायरमधून पहिल्यांदा काढली तेव्हा गोळे मोजले, सात होते. बोटांत धरून दाबला की आत थंड लागायचं, तिथे पाणी आहे हे तेव्हा कळलं. दुसऱ्या फेरीला तीन राहिले. शेवटच्या फेरीत काढली आणि ती हातात अक्षरशः फुगली. मधोमध दुमडून सोडली तर आपणहून उलगडली. वास गेला. सासूबाईंना हुंगायला दिली, त्यांनी हुंगली नाही, पण देवघरावरून नेऊ दिली.

रजई पंख्याखाली दोन रात्री ठेवल्यावर तिप्पट झाली, डांबराचा वास थोडा आहे अजून. आजींनी सांगितलेली पिशवी आईच्या जुन्या साडीची शिवतेय. दसऱ्याला बाज शेजारच्यांकडून मागून आणणार.

घरी येऊन परत काटा लावला. जोडीची १ किलो १५० ग्रॅम, ही १ किलो १७० ग्रॅम. वीस ग्रॅम अजून जास्त भरतेय. पाणीच असेल का ते?

तर्रीपोहे

नाही जी. आंबील असेल.