आंद्रे ब्लेक युरोपात गेला नाही म्हणून लहान ठरतो का?

गोलपोस्टवाला (धागाकर्ता)

जमैकाच्या गोलकीपरांचा विषय निघाला की दरवेळी तेच पालुपद ऐकू येतं: "ब्लेक चांगला, पण अमेरिकेतच राहिला." मला हे अजिबात पटत नाही.

ब्लेक हा जमैकातल्या मे पेनचा मुलगा. कनेटिकट विद्यापीठाकडून खेळला आणि २०१४ च्या एमएलएस (अमेरिकेची मुख्य फुटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, फिलाडेल्फिया युनियनने त्याला सगळ्यांत आधी उचललं. पहिल्या क्रमांकावर गोलकीपर निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. पण त्याच उन्हाळ्यात क्लबने अल्जीरियाकडून वर्ल्ड कप खेळून आलेला राइस म्बोल्ही आणला. ब्लेकची पहिली दोन वर्षं जवळजवळ बाकावर गेली. तो टिकून राहिला, २०१६ मध्ये जागा पक्की केली आणि त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला. २०२० ला पुन्हा, २०२२ ला पुन्हा. हा मान तीनदा मिळवणारा तोच पहिला. २०२२ च्या साखळीत ३४ सामन्यांत युनियनने फक्त २६ गोल खाल्ले.

एकाच क्लबच्या जाळ्यासमोर इतकी वर्षं उभं राहणं ही कमाई नाही का? माझ्या मते तो जमैकाचा आजवरचा सर्वोत्तम गोलकीपर आहे.

पेनल्टीबॉक्स

असहमत. तुम्ही जमैकाच्याच डोनोव्हन रिकेट्सचं नावही घेतलं नाहीत.

रिकेट्स घरच्या व्हिलेज युनायटेडमधून ब्रॅडफर्ड सिटीत गेला. इंग्लंडच्या तिसऱ्या दर्जाची लीग, पण तिथे कॉर्नरला दोन धिप्पाड स्ट्रायकर अंगावर येतात आणि रेफरी शिट्टी वाजवत नाही. तिथून घरी परतला, मग लॉस एंजेलिस गॅलक्सीत २०१० साली सर्वोत्तम गोलकीपर झाला आणि २०१३ मध्ये पोर्टलंडकडून पुन्हा. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून, दुसरा तर पस्तिशी उलटल्यावर! ब्लेकला घडी बसलेला क्लब मिळाला. रिकेट्सने दरवेळी नवा बचाव समजून घेतला.

आणि मोठ्या सामन्याचं काय? २०२२ चा एमएलएस कप फायनल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, लॉस एंजेलिस एफसीशी (गॅलक्सी वेगळी). जादा वेळही संपत आलेला, युनियन ३-२ ने पुढे, आणि गॅरेथ बेलचा हेडर आत.

गोलपोस्टवाला

बेलचा तो हेडर जगात कितीजणांनी अडवला असता? आणि पुढचंही सांगा की. पेनल्टी शूटआउटमध्ये लॉस एंजेलिस एफसीची पहिलीच किक ब्लेकने अडवली. युनियनच्या तिघांपैकी एकालाही गोल करता आला नाही. यात ब्लेकचा दोष काय?

मोठे सामने हवे असतील तर २०१७ चा गोल्ड कप बघा, उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांची स्पर्धा. सेमीफायनलमध्ये मेक्सिकोला एकही गोल करू दिला नाही आणि केमार लॉरेन्सच्या फ्री किकवर जमैका १-० ने जिंकली. फायनल अमेरिकेशी. जोझी अल्टिडोरचा लांबून आलेला जोरदार फटका ब्लेकने परतवला. चेंडू सुटून पुढे गेला, केलिन अकोस्टा धावत आला. ब्लेकने उठून पुन्हा झेप घेतली, चेंडू वाचवला, आणि अकोस्टाच्या बुटाखाली त्याचा हात आला. सामना त्याच्यासाठी तिथेच संपला. बदली ड्वेन मिलर आला, जमैका २-१ ने हरली, दुसरा गोल ८८ व्या मिनिटाला. स्पर्धेचा सर्वोत्तम गोलकीपर तरीही ब्लेकच.

पेनल्टीबॉक्स

ती दुहेरी सेव्ह मीही विसरलेलो नाही. पण रिकेट्सही २००९ च्या एमएलएस कप फायनलमध्ये हाताच्या दुखापतीमुळेच बाहेर गेला आणि गॅलक्सी पेनल्टींवर हरली. दुर्दैव दोघांच्याही वाट्याला आलं, ते एकट्या ब्लेकच्या खात्यावर का मांडायचं?

माझा मुद्दा अजून तिथेच आहे. २०१७ नंतरची दोन-तीन वर्षं ही युरोपात जायची वेळ होती. ती गेली.

कोलव्याचा_बचावपटू

युरोपात जायचं म्हणजे तिकीट काढून विमानात बसायचं, असं नसतं हो. इंग्लंडचं वर्क परमिट त्या काळी देशाच्या फिफा क्रमवारीवर आणि देशाचे किती टक्के सामने खेळलात यावर ठरायचं. जमैकासारख्या संघाचा खेळाडू कायम काठावर. शिवाय गोलकीपरची जागा एकच. विंगर चुकला तर त्याला दुसरीकडे खेळवता येतं, दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर मात्र वर्षभर ट्रॅकसूट घालून बसतो. रोज खेळायला मिळणं सोडून बाकावर बसायला का जावं?

किंग्स्टन_९७

तुम्ही सगळे परदेशाचंच मोजताय. देशाला वर्ल्ड कपला कुणी नेलं? वॉरन बॅरेटने. कप्तान, गोलकीपर, आणि क्लब माँटेगो बेचा व्हायोलेट किकर्स, म्हणजे घरचाच. १६ नोव्हेंबर १९९७ ला किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियमवर मेक्सिकोशी ०-० झालं आणि जमैका फ्रान्सला गेली. पंतप्रधान पॅटरसन यांनी दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी दिली. फ्रान्समध्ये जपानविरुद्ध २-१ असा एकमेव विजय मिळाला तेव्हा गोलमध्ये ॲरन लॉरेन्स होता. तोही घरच्याच लीगमधला, रेनो क्लबचा.

ब्लेकचे पुरस्कार फिलाडेल्फियाचे आहेत. देशासाठी वर्ल्ड कप शून्य.

गोलपोस्टवाला

हा वार मला लागला, कारण त्याच मैदानावरचं दुसरं ०-० मी पाहिलंय. १८ नोव्हेंबर २०२५, वर्ल्ड कप पात्रतेचा सामना, समोर कुरासाव. जमैकाला विजय हवा होता. ब्लेकने गोल खाल्ला नाही. पुढच्यांनी तीनदा चेंडू पोस्ट-बारवर मारला, शेवटी मिळालेली पेनल्टी व्हीएआरने (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफरीने) रद्द केली. दीड लाखांच्या आसपास वस्तीचा देश थेट वर्ल्ड कपला गेला आणि जमैकाला प्लेऑफची वाट धरावी लागली.

१९९७ मध्ये ०-० राखणारा कप्तान राष्ट्रवीर, आणि २०२५ मध्ये ०-० राखणाऱ्या कप्तानाच्या नावापुढे शून्य? गोलकीपरचं काम दोन्ही दिवशी सारखंच झालं होतं. फरक गुणतक्त्यात होता.

किंग्स्टन_९७

गुणतक्ता आपोआप तयार होत नाही. बॅरेटच्या संघाने आधी गुण कमावले म्हणून शेवटी बरोबरी पुरली. कुरासावच्या सामन्याच्या पाचच दिवस आधी त्रिनिदादशी १-१ झालं, तेव्हाही कप्तान ब्लेकच होता ना?

तुमची तुलना त्या एका रात्रीपुरती मान्य. पण संघातली कितीतरी मुलं इंग्लंडमध्ये जन्मलेली, शिबिराला ऐनवेळी येणारी. बॅरेटचा बचाव महिनोन्महिने एकत्र सराव करायचा. गोलकीपरने "माझा!" म्हणून ओरडल्यावर कोण बाजूला होतो, कोण तरीही उडी मारतो, हे त्याला माहीत असायचं.

कोलव्याचा_बचावपटू

हे मात्र शंभर टक्के. पण मग हा ठपका ब्लेकवर नाही, फेडरेशनवर येतो.

पेनल्टीबॉक्स

मी रिकेट्सवरच ठाम. फक्त एक मान्य करतो: ब्रॅडफर्डच्या तिसऱ्या दर्जाला "युरोप" म्हणून वर चढवायचं आणि एमएलएसला खाली ढकलायचं, हे माझ्या बाजूच्या लोकांनी थांबवायला हवं. रिकेट्सचे दोन्ही मोठे पुरस्कारही एमएलएसचेच आहेत.