ग्रूम्स केक आदल्या रात्रीच बरा

अमेरिकेच्या दक्षिणेत लग्नात नवरीच्या केकखेरीज नवऱ्यासाठी वेगळा, बहुधा चॉकलेटचा केक करतात, तोच ग्रूम्स केक. 'दोन्ही केक रिसेप्शनला शेजारीशेजारी मांडा' असं कोणी कोणी सुचवतं. फोटोत छान दिसतं, पण लोक चॉकलेटवर तुटून पडतात आणि नवरीचा पांढरा तीनमजली केक बिचारा तसाच उरतो. भाच्याचं लग्न ऑस्टिनला झालं, भाचेसून टेक्ससचीच. तिच्या आईने सरळ सांगितलं, नवऱ्याचा केक शुक्रवारी, रिहर्सल डिनरला, म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला. अमेरिकेच्या दक्षिणेत हेही सर्रास चालतं. घरची चाळीसेक माणसं, त्यामुळे क्रिकेट बॅटच्या आकाराच्या त्या केकचं सगळ्यांनी जवळून कौतुक केलं. बॅटची मूठ कोणी खायची यावर भांडणही झालं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. बटरक्रीमचा (लोणी-साखरेच्या क्रीमचा) केक फ्रीजमधून काढून लगेच कापू नका. आम्ही तेच केलं. क्रीम साबणाच्या वडीसारखं घट्ट, चवच लागेना. उरलेला अर्धा केक दीडेक तास बाहेर ठेवला, सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापला, तेव्हा कुठे नीट तुकडे पडले. (एसी हॉलमध्ये हं, टेक्ससच्या उन्हात नाही!) रिसेप्शनलाच द्यायचा असेल तर तुकडे छोट्या डब्यांत भरून निघताना हातात द्या. तीही तिकडची जुनीच रीत. लग्नाळू मुली म्हणे तो तुकडा उशीखाली ठेवून झोपायच्या, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो. आणि आपली मंडळी येणार असतील तर अंड्याचं आधीच विचारा. आमच्या मावशींनी नुसती कॉफी घेतली.