जुन्या वाटणीच्या दाव्याच्या हुकूमनाम्याची नक्कल बडोद्यात कशी काढायची?

दांडियाबाजारवाला:
आजोबा आणि त्यांच्या दोन भावांत वाड्यावरून वाटणीचा दावा झाला होता, १९७८ च्या सुमारास, न्यायमंदिरात (बडोद्याच्या कोर्टाची जुनी इमारत). आता घर विकायचंय, तर घेणाऱ्याची बँक हुकूमनाम्याची सर्टिफाइड कॉपी मागते. घरात झेरॉक्सची झेरॉक्स आहे. दावा नंबराचा कोपरा नेमका वाळवीने खाल्लाय. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर आजोबांचं नाव टाकलं, काही येत नाही. आरटीआय टाकू का?

कारेलीबागकर:
साइटवर साल टाकलंत का? आणि ‘डिस्पोज्ड’ (निकाली) निवडा, ‘पेंडिंग’ राहिलं असेल तर नुसते चालू दावेच दाखवतं.

जुना मुन्शी, रावपुरा:
साइट सोडा. तिथे संगणकावर चढलेलेच दावे दिसतात. हल्लीच्या दाव्याला सीएनआर म्हणजे सोळा अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर असतो, आजोबांच्या वेळी कुठला आलाय! आणि तिथून उतरवलेला निकाल वाचायला ठीक, बँक तो घेणार नाही.

आरटीआयचंही डोक्यातून काढा. सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला आपल्या गुजरात हायकोर्टाच्याच प्रकरणात सांगून टाकलंय, कोर्टाच्या फायलीतल्या नकला कोर्टाच्या नियमांनीच काढायच्या.

आधी सिटी सर्व्हेत जाऊन प्रॉपर्टी कार्ड काढा. वाटणीनंतर नावं चढली असतील तर फेरफाराच्या नोंदीत बहुधा दावा नंबर आणि हुकमाची तारीख सापडते. न्यायमंदिरात चिमणाबाईंच्या पुतळ्यापाशी पक्षकार भेटला की माझा पहिला प्रश्न हाच असायचा, ‘काका, कार्ड आणलं का?’

नंबर मिळाला की दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात नकलेचा अर्ज द्यायचा. कोर्ट, दावा नंबर, साल, दोन्हीकडची नावं, निकालाची तारीख, वर कोर्ट फीचं तिकीट. ‘दाव्याची नक्कल मिळावी’ असं मोघम लिहू नका, ‘निकाल व हुकूमनामा’ लिहा. पक्षकार आजोबा होते, तुम्ही नव्हे, म्हणून त्यांचा मृत्यूचा दाखला आणि तलाठ्याकडचं पेढीनामं, म्हणजे वंशावळ, जोडा. तिऱ्हाईत असता तर कागद कशाला हवा ते सोगंदनाम्यावर (प्रतिज्ञापत्रावर) लिहून कोर्टाचा हुकूम घ्यावा लागला असता.

कोणी ‘फाइल नष्ट झाली’ म्हणालं तर घाबरून परत फिरू नका, कुठला भाग नष्ट झाला ते विचारा. समन्सं, तारीख वाढवून मागायचे अर्ज असले कागद मुदत सरली की फाडतात. निकाल आणि हुकूमनामा इतक्या सहज जात नाहीत.

नक्कल हातात पडली की तिथेच उलटून बघा. खरी नक्कल असल्याचा दाखला, सही, हुद्दा, तारीख, कोर्टाची मोहोर. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ७६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमाच्या ७५ मध्ये. नंबर बदलला, काम तेच.

अ‍ॅडव्होकेट ताई:
मुन्शीकाका म्हणतात ते बरोबर. पण तुमच्याकडचा हुकूमनामा प्रिलिमिनरी आहे का फायनल? वाटणीच्या दाव्यात आधी कोणाचा किती हिस्सा एवढंच ठरतं. मग कोर्टाने नेमलेला कमिशनर जागेवर येऊन मोजतो, कुठल्या खोल्या कोणाच्या ते मांडतो, आणि त्यावर फायनल होतो. तो स्टॅम्प पेपरवर उतरवलेला असतो. बँकेला तोच लागेल.

दांडियाबाजारवाला:
झेरॉक्सवर ‘एक तृतीयांश’ आहे, खोल्यांचं अक्षर नाही. म्हणजे प्रिलिमिनरीच दिसतोय. सोमवारी सिटी सर्व्हेत जातो.

जुना मुन्शी, रावपुरा:
मग अर्जात दोन्ही हुकूमनामे लिहा आणि कमिशनरचा रिपोर्ट नकाशासकट, असंही लिहा. नकाशा वेगळा मागितला नाही तर नुसता रिपोर्ट हातात ठेवतात, आणि पुन्हा अर्जापासून सुरुवात.