मंजुरी मिळाली, मग बांधकाम का अडते?

ग्रामीण रुग्णालयाच्या ३० खाटांच्या ५० करण्यास मंजुरी मिळाली असताना काम रखडते ते केवळ ठेकेदारामुळे, हे मत मला अपुरे वाटते. ही मंजुरी, म्हणजे प्रशासकीय मान्यता, हा कामाला शासनाने दिलेला होकार असतो, हाती आलेला पैसा नव्हे. तिच्यानंतर तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रक अभियंत्यांनी तपासून दिलेली), निविदा आणि अर्थसंकल्पातील प्रत्यक्ष तरतूद हे टप्पे उरतातच, आणि दरम्यान दरसूची, म्हणजे बांधकामाच्या सरकारी दरांची यादी, बदलून खर्च बराच वाढला तर सुधारित मान्यतेसाठी तीच फाईल पुन्हा मंत्रालयाची वाट धरते.

कोकणात याला पावसाची जोड आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. निधी वर्षअखेरीस सुटला, तर जूनच्या आधी पाया आणि जोते उरकायला जेमतेम दोन महिने मिळतात, आणि एकदा पाऊस लागला की गणपतीपर्यंत, कधी दसऱ्यापर्यंत, उघड्यावरचे काम जवळजवळ थांबते. म्हणून निधी किती यापेक्षा तो ऑक्टोबरात हाती येतो की मार्चमध्ये, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तोवर सावंतवाडी-दोडामार्गकडच्या गंभीर रुग्णांना गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे लागते. नव्या खाटांसाठी डॉक्टर आणि परिचारिकांची पदे बांधकामाबरोबरच मंजूर करून घ्यावीत, अशी मागणी आपण आमसभेत लेखी मांडायला हवी.