एलएस ५.३ (जीएमचं ५.३ लिटरचं व्ही८ इंजिन) : कॅम, स्प्रिंग, पुशरॉड एकमेकांना जुळतील का? लवकर सांगा

कॅमवेडा
हेड उघडून ठेवलंय, काम अडकलंय. एलएम७ आहे, ५.३ चा लोखंडी ब्लॉक, वर ७९९ नंबरचे हेड बसवतोय. कॅम २२८/२३६ (इनटेक/एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो), एलएसए (दोन्ही लोबमधला कोन) ११२. ड्युअल (एकात एक) स्प्रिंग आणून ठेवलेत. ह्या कॅमला ते पुरतील का आणि पुशरॉड (कॅमची हालचाल वर हेडपर्यंत नेणाऱ्या काड्या) जुनेच ७.४०० इंचवाले चालतील का, एवढंच हवंय. वाचून वाचून डोकं उठलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

जुना_फिटर
लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) किती? तीच लिहिली नाहीस. स्प्रिंगच्या कार्डावर इन्स्टॉल्ड हाइट (व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची उंची) आणि कॉइल बाइंड (वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची) काय दिलंय? हेड प्लेन केलंय (घासून कमी केलंय) का? गॅस्केट किती जाडीचं?

टर्बोभक्त
एवढ्या भानगडी कशाला करता राव, कॅम स्टॉकच ठेवा आणि टर्बो लावा, ५.३ ला त्यासारखं सुख नाही.

कॅमवेडा
टर्बो नकोय. लिफ्ट दोन्हीकडे ०.६१५ इंच. कार्डावर हाइट १.८००, बाइंड १.१४०. रिटेनर (स्प्रिंगवरच्या टोप्या) दुसऱ्या सेटचे टायटॅनियमचे पडून आहेत, तेच वापरणार. हेड ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लेन केलंय, पण त्याचा इथे काय संबंध? गॅस्केट ४० थाऊचं.

जुना_फिटर
संबंध आहे, येतो त्यावर. आधी स्प्रिंग. १.८०० मधून ०.६१५ गेले की उरले १.१८५, म्हणजे बाइंडपासून फक्त ४५ थाऊ. मी ६० च्या खाली जात नाही. आणि हे झालं कागदावरचं. ड्युअलचा लोकेटर (स्प्रिंगची खालची बैठक), परका रिटेनर, खाली एखादी शिम (पातळ चकती), हे सगळं आलं की खरी हाइट बदलते, त्यामुळे हाइट मायक्रोमीटर घालून मोज. लॉक (रिटेनर व्हॉल्व्हला धरून ठेवणारे तुकडे) ७ अंशाचे की १० चे? आणि फुल लिफ्टला रिटेनर व्हॉल्व्ह सीलवर आपटत नाही ना, तेही बघ.

हलका_रॉकर
ड्युअल घेतलेच कशाला? बीहाइव्ह (वर निमुळती, एकेरी स्प्रिंग) घ्यायचे, रिटेनर छोटा, वजन कमी, व्हॉल्व्ह फ्लोट (जोरात फिरताना व्हॉल्व्ह वेळेवर न मिटणं) उशिरा येतो.

जुना_फिटर
आणि ती एकटी स्प्रिंग तुटली की व्हॉल्व्ह सरळ सिलिंडरमध्ये. ड्युअलमधली एक तुटली तरी दुसरी धरून ठेवते.

हलका_रॉकर
चांगली स्प्रिंग घेतली तर तुटते कशाला? बरं ते जाऊ दे, ट्रनियन (रॉकरचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचा, मधला पिन) अपग्रेड केलंत का? स्टॉक रॉकरच्या नीडल बेअरिंग सुटून तेलात पडतात.

तेलमास्तर
तेल जास्त झिंकवालं टाका, नाहीतर कॅमचे लोब झिजतील.

हलका_रॉकर
मास्तर, ते फ्लॅट टॅपेटला (लोबवर घासणाऱ्या). ह्याचे रोलर लिफ्टर (लोबवर चाकावर फिरणारे) आहेत, आणि तेलाचं विचारलंय कोणी?

कॅमवेडा
भांडा तुम्ही. हाइट मोजली, १.७७० आली. रिटेनर १० अंशाचे निघाले, लॉक स्टॉक ७ चे.

जुना_फिटर
मग १.७७० वजा ०.६१५ म्हणजे १.१५५, बाइंडला १५ थाऊ! इंजिन जोरात फिरलं की कॉइलवर कॉइल बसू शकते. शिम असेल तर काढ, नाहीतर बाइंड १.०९० च्या आत असलेली स्प्रिंग घे. आणि ७ चे लॉक १० च्या रिटेनरला अजिबात लावू नकोस, व्हॉल्व्ह खाली पडेल.
आता पुशरॉड. हेड ३० थाऊ खाली आलं म्हणजे लिफ्टरचा प्रीलोड (तो आत किती दाबलेला राहतो) तेवढाच वाढला, त्यात कॅमचा बेस सर्कल (लोबचा बिनउंचीचा गोल भाग) लहान असेल तर उलट कमी होतो. त्यामुळे लांबी विचारून ठरत नाही, ॲडजस्टेबल चेकर पुशरॉडने झिरो लॅश (खेळ संपतो ती लांबी) काढ आणि त्यात लिफ्टरवाल्याने सांगितलेला प्रीलोड मिळव.

हलका_रॉकर
चेकर कशाला, झिरो लॅशपासून २२ फूट-पाउंडपर्यंत रॉकरच्या बोल्टचे फेरे मोज. एक फेरा म्हणजे ५० थाऊ.

जुना_फिटर
चूक. पिच १.२५ मिमी म्हणून रॉकरचा मधला भाग ४९ थाऊ उतरतो हे खरं, पण व्हॉल्व्हचं टोक जागेवरच राहतं, त्यामुळे १.७ च्या रॉकरला पुशरॉडच्या बाजूला ते साधारण ७८ होतं. ५० धरून चाललास तर लिफ्टर तळाला टेकेल.

निवांत_गडी
माझ्या बाईकचे टॅपेट गरम झाल्यावर वाजतात, इथेच विचारू का?

हलका_रॉकर
नको, वेगळा धागा काढा.

जुना_फिटर
कॅमवेडा, प्लेनिंगचा दुसरा संबंध पिस्टन आणि व्हॉल्व्हमधल्या जागेशी. स्टॉक पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाच नसते. मऊ चेकिंग स्प्रिंग लावून डायलने मोज, एक्झॉस्ट टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) १० अंश आधी आणि इनटेक १० अंश नंतर, आसपासही बघ. कमीत कमी इनटेकला ८० थाऊ आणि एक्झॉस्टला १००.

कॅमवेडा
इनटेक ७१, एक्झॉस्ट ११८. आता कॅम परत करू काय?

हलका_रॉकर
कॅम २ अंश रिटार्ड (उशिरा) कर, इनटेकला जागा मिळेल. एक्झॉस्टची कमी होईल, पण तिथे शिल्लक आहे.

जुना_फिटर
त्यापेक्षा ५३ थाऊचं गॅस्केट टाक, १२-१३ थाऊ लगेच मिळतात, इनटेक ८० च्या वर.

हलका_रॉकर
आणि क्वेंच (वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यातली अरुंद जागा)?

जुना_फिटर
थोडा बिघडेल. व्हॉल्व्ह वाकलेला परवडतो का?

कॅमवेडा
मग गॅस्केट बदललं की पुशरॉड परत मोजायचा?

जुना_फिटर
हो. आणि लिफ्टर नवे आहेत की जुनेच, ते अजून सांगितलं नाहीस.